पान तेवीस

कलाबाईंना एका गोष्टीचा शेवट हवा होता आणि तो माझ्या हातून हरवला होता. हे मला कळायला बावीस वर्षं लागली आणि कबूल करायला आणखी आठ दिवस.

मी गोटीराम. पंचवटीतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली. आधी लिपिक, मग ग्रंथपाल. वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ती मीच रंगवून घेतली होती, आणि तिच्याखाली बसून सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच करायचो. कुणी पानाचा कोपरा दुमडला की माझं डोकं फिरायचं. कुणी मासिकातली लोणच्याची कृती फाडून नेली तर मी दोन दिवस धड जेवायचो नाही, आणि बायको होती तोवर तिलाही जेवू द्यायचो नाही. ती त्र्याण्णव साली गेली. मुलगा योगेश पुण्याला स्थायिक झाला. तेव्हापासून घरी जायची घाई उरली नाही आणि वाचनालयातला माझा आवाज आणखी वाढला.

आमचं वाचनालय बारा वाजता बंद व्हायचं ते चारला उघडायचं. मधल्या वेळात लोक घरी जेवायला जात. मी दार लोटून आतच डबा खायचो. घरी काय किंवा इथे काय, एकट्यानंच खायचं होतं. अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात असाच डबा उघडून बसलो होतो तर दारावर थाप पडली. बाहेर एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर. बोटं झेंडूनं पिवळी झालेली. म्हटलं, बंद आहे, चारला या. त्या हलल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद काढला, जपून उलगडला आणि माझ्यापुढे धरला.

“मास्तर, हा शिक्का तुमचाच ना?”

मी मास्तर नव्हे. पण पुस्तकांजवळ बसतो तो मास्तर, असा त्यांचा हिशोब असावा आणि तो पुढे कायम राहिला. कागद पाहिला आणि मी डबा विसरलो. कुठल्यातरी मासिकाचं पान. वरची पट्टी फाटलेली, त्यामुळे मासिकाचं नाव आणि महिना गेलेला. खाली आकडा एकवीस, मागच्या बाजूला बावीस. आणि मधोमध जांभळ्या शाईत आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का.

इथे थोडी धंद्यातली गोष्ट सांगावी लागेल. वाचनालयं आपला शिक्का पहिल्या पानावर मारतात, शेवटच्या पानावर मारतात आणि आणखी एका ठरलेल्या पानावर मारतात. त्याला गुप्त पान म्हणतात. कुणी पुस्तक चोरलं, पहिलं आणि शेवटचं पान फाडून टाकलं, तरी ते आतलं पान सांगतं की मी अमक्यांचा आहे. आमचं गुप्त पान एकवीस. त्यामुळे तो कागद आमचाच होता यात शंका नव्हती, आणि पान फाडून नेणारी बाई आयती हातात सापडली असं मला वाटलं. मग काय विचारता. वाचनालय म्हणजे काय, सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय, एकेक पान जमवायला किती कष्ट पडतात, सगळं ऐकवलं. डब्यातली भाजी गार झाली. बाई खांबाला टेकून शांतपणे ऐकत होत्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, “मी फाडलं असतं तर पुढचं पान बी नेलं असतं ना. मला तेच पायजे.”

मी डब्याला झाकण लावलं.

त्यांनी मग सांगितलं ते असं. नाव कलाबाई. मखमलाबादच्या बाजूला थोडा मळा, त्यात झेंडू, शेवंती आणि गुलाब. गंगेवर, म्हणजे इथल्या नदीच्या घाटावर, फुलांचं दुकान, म्हणजे एक ओटा, वर ताडपत्री. आई लहानपणीच वारली म्हणून चौथीतून शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. फुलांच्या पुड्या बांधायला रद्दी विकत घ्यायची आणि गिऱ्हाईक नसलं की तीच वाचायची. तीस वर्षं त्यांनी असं वाचन केलं. पण पुडीच्या कागदावर कुठलीच गोष्ट पुरी नसायची. सुरुवात एका गिऱ्हाइकाबरोबर काळारामाला गेलेली, शेवट दुसऱ्याबरोबर कपालेश्वराला. बाकीचं सोडून दिलं, त्या म्हणाल्या, पण शहात्तर सालापासून जपलेल्या या एका पानाचं पुढचं पाहिजे.

गोष्टीत यमुना नावाची बाई होती. घरात नवरा मारतो, सासू बघते. एका संध्याकाळी ती दोन लुगडी गाठोड्यात बांधते आणि निघते. पान संपतं तिथलं शेवटचं वाक्य असं होतं: यमुनेनं गाठोडं काखेत घेतलं, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला, मागे वळून पाहिलं आणि. बस्स. पुढे पान तेवीस.

मी म्हटलं, बघतो, सापडलं तर सांगतो. सरकारी कचेरीत सांगतात तशा आवाजात म्हटलं. त्यांनाही तो आवाज ओळखीचा असणार. त्या गेल्या. पण संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर मला राहवेना. जुन्या नोंदवह्या काढल्या. शहात्तर सालच्या वहीत, तपासनीस येणार म्हणून केलेल्या साफसफाईत, माझ्याच अक्षरात एक ओळ सापडली: किरकोळ मासिके, गठ्ठे तीन, रद्दीत दिली. नियम असा होता की रद्दीत घालताना प्रत्येक मासिकाचं नाव, महिना आणि वर्ष लिहायचं. मी तेहेतीस वर्षांचा होतो, धुळीनं शिंका येत होत्या, मला घरी जायचं होतं. मी ‘किरकोळ’ लिहिलं आणि कुलूप लावलं. लोकांच्या दुमडलेल्या पानांवर बावीस वर्षं खेकसणारा मी, गठ्ठेच्या गठ्ठे बेनाव विकून मोकळा झालो होतो.

आठ दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. कलाबाई रोज दुपारी यायच्या, दार वाजवायच्या, सापडलं का विचारायच्या आणि जायच्या. नवव्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि वही दाखवली. मला वाटलं आता ओरडा खायची माझी पाळी. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, म्हणजे रद्दी तुमचीच, पुडी माझी आणि पान तेवीस देवाला गेलं. मग हसू ओसरल्यावर खालच्या आवाजात त्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

शहात्तर साली त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. नवरा, कोंडाजी, तेव्हा रागीट होता आणि हात सैल होता. एका दिवशी त्यांनी ठरवलं, पुरे झालं. दोन लुगडी फुलांच्या पाटीखाली लपवली. वर्षाची छाया कडेवर, चार वर्षांचा मुलगा शेजारी. दुकान आवरलं की तसंच स्टँडवर जायचं आणि मिळेल ती गाडी धरायची. माहेरी आई नव्हती, जायचं कुठे ते ठरलं नव्हतं. दुपारी पुडी बांधायला कागद ओढला आणि त्यावर यमुना. तीही गाठोडं घेऊन उभी. कलाबाईंचा हात थांबला. पान उलटून पालटून वाचलं. पुढचं पान गठ्ठ्यात शोधलं, नव्हतं. त्या दिवशी पुड्या बऱ्याच गेल्या होत्या. मग त्यांनी मनाशी म्हटलं, उद्या बघू, रद्दीवाल्याकडे असेल, आधी ही बाई काय करते ते बघू आणि मग आपण जाऊ. लुगडी घेऊन त्या घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी सापडलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. “एक दिवस म्हणून ऱ्हायले, मास्तर, आणि मग ऱ्हायलेच.”

आता त्यांना एवढंच कळायला हवं होतं की यमुना गेली की राहिली. म्हणजे आपण केलं ते बरोबर केलं की नाही. इतकी वर्षं का आला नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दुकान सोडून वेळ कुठे होता? आणि खरं म्हणजे तुमच्या पायऱ्यांची भीती वाटायची. फुलांची पाटी घेऊन तीस वर्षं त्या आमच्या दारावरून जात होत्या. शिक्क्यावरचं नाव आणि दारावर लिहिलेलं नाव एकच, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पण वर चढायचं ते शिकलेल्यांनी, अशी त्यांची समजूत होती, आणि आतून येणारा माझा आवाज ऐकून ती पक्की झाली होती. आता गुडघे धरले म्हणून मुलानं दुकान सुनेकडे, उज्वलाकडे दिलं होतं. घरचा स्वयंपाकही तिच्याच हातात गेला होता. लग्नानंतर पहिल्यांदा कलाबाईंच्या वाट्याला रिकामी दुपार आली होती आणि तिचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी त्यांना सभासद करून घेतलं. अर्जात व्यवसायाचा रकाना होता. त्या म्हणाल्या, लिहा, रिकामी. मी गृहिणी लिहायला लागलो तर म्हणाल्या, गृह सुनेचं हाये आता. शेवटी रकाना तसाच ठेवला.

पान शोधायचं तर आमचा सगळा माळा उपसायला हवा होता, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. दुपारी बारा ते चार आम्ही दोघं धुळीत बसायला लागलो. लवकरच लक्षात आलं की कलाबाईंना बारीक टाइप दिसत नाही. त्या कागद हात लांब करून धरायच्या आणि हात पुरेनासा झाला की मान मागे न्यायच्या. आमच्या एका वाचकाचे वडील नुकतेच वारले होते, त्यांचा चष्मा त्यानं मला दिला होता, कुणाला उपयोगी पडला तर बघा म्हणून. तो कलाबाईंच्या नाकावर बसला. मग मी फळ्यावर लिहिलं की घरात जुने चष्मे असतील तर आणून द्यावेत. महिनाभरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून चष्मे जमले. प्रत्येकाच्या काडीला दोरा बांधून नंबराची चिठ्ठी लावली. डोळे तपासून घ्या, हा तात्पुरता आहे, असं मी प्रत्येकीला बजावायचो. प्रत्येकीला म्हणतो कारण तोवर त्या एकट्या राहिल्या नव्हत्या.

बाजारात दुपारी एक ते चार गिऱ्हाईक नसतं. कलाबाई पंख्याखाली बसतात हे कळल्यावर पहिल्यांदा लंकाबाई आल्या, त्या भाजी विकायच्या. मग भागीबाई आल्या, नवरा गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून. मग आणखी चार-पाच. सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. कुणी वाचायचं, कुणी ऐकायचं, कुणी नुसतं पाय पसरून बसायचं. कुणाचा पेन्शनचा अर्ज, कुणाचं दवाखान्याचं पत्र, तेही मोठ्यानं वाचलं जायचं आणि सगळ्या मिळून त्यावर मत द्यायच्या. आमचे चिटणीस म्हणाले, वाचनालयाचा बाजार झाला. मी म्हटलं, साहेब, तुमच्या अहवालात महिला वाचक गेल्या वर्षी अकरा होत्या, या वर्षी एकोणीस लिहा, तपासनीस खूश होईल. दुपारचं वाचनालय मंजूर झालं. पंख्याची वीज तेवढी जास्त जळली.

चार वाजता कोंडाजी लुना घेऊन यायचा आणि पायरीखाली थांबायचा. साठीचा, वाकलेला, पांढरा शर्ट. हातात बायकोसाठी आणलेला चहाचा डबा. मी त्याला वर बोलवायचो, तो मान हलवून नको म्हणायचा. या माणसानं कधीकाळी बायकोवर हात उचलला असेल हे त्याच्याकडे बघून खरं वाटत नव्हतं. कलाबाई त्याच्यावर खेकसायच्या, चहात साखर कमी हाये म्हणून, आणि तो ते मुकाट ऐकायचा.

माळा संपला तरी पान मिळालं नाही. मग मी जिल्ह्यातल्या चाळीस वाचनालयांना पोस्टकार्डं लिहिली. गोष्टीत यमुना, गाठोडं, उंबरा, गोष्टीचा मधला भाग मासिकाच्या एकविसाव्या पानावर, वर्ष शहात्तर किंवा आधीचं. अकरा उत्तरं आली. दहा जणांनी नाही म्हणून कळवलं आणि एकानं एक्क्याऐंशी साली आम्ही नेलेला नकाशा परत मागितला.

असं चालू असताना नव्याण्णवची आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, चार दिवस राहतात, मग सासरचं कुणी येऊन त्यांना घेऊन जातं. छायाही आली. तिला निफाडकडच्या एका गावात दिली होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी कलाबाई वाचनालयात आल्या. चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि एका पानावर तासभर बसल्या. बाकीच्या गेल्यावर मला म्हणाल्या की काल छायाच्या डोक्याला तेल लावत होते. कानामागं खोक सापडली. जुनी, भरत आलेली. आणि तिच्याखाली आणखी एक.

छाया दोन वर्षं लपवत होती. आता विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं होतं आणि आईकडे नुसतं बघत बसली होती. रविवारी जावई आणि त्याचा चुलता तिला न्यायला येणार होते. मुलगा म्हणत होता, दिलेली लेक परक्याची, आपण समजावून सांगू, पुन्हा असं करणार नाही म्हणून शब्द घेऊ. शेजारपाजार म्हणत होता, कलाबाई, तुमचं नाही का शेवटी चांगलं झालं. कोंडाजी काहीच म्हणत नव्हता. आणि कलाबाईंना रविवारपर्यंत ठरवायचं होतं.

तो आठवडा मी माळा पुन्हा उपसला. एकदा बघितलेलं सगळं पुन्हा बघितलं. शिंकून शिंकून नाक सुजलं. शनिवारी सकाळी आठला मी कुलूप उघडत होतो तेव्हा कलाबाई पायरीवर बसलेल्या होत्या.

“सापडलं का, मास्तर?”

मी नाही म्हटलं आणि मग माझा तोल गेला. म्हटलं, अहो, ती गोष्ट आहे! कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पिऊन लिहिलेली. त्या लिहिणाऱ्याला तुमची छाया माहीत आहे का? तो कशाला सांगेल तुम्हाला काय करायचं ते? मी ओरडत होतो, पण राग त्यांच्यावर नव्हता. एका ओळीवर होता, किरकोळ मासिके, गठ्ठे तीन. यमुना गेली, निघून गेली, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, हेही मला कळत होतं. जिभेवर आलं होतं. पण ज्यानं पान हरवलं त्यानंच ते मनानं बनवून द्यायचं, हे मला जमेना.

कलाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, त्यांना वेळ लागला.

“मी ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. “हा माणूस चांगला झाला, नाय झाला असं म्हणत नाय. पण चांगला व्हायला त्याला वीस वरसं लागली. ती वीस वरसं माझी होती, मास्तर.”

आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्या दिवशी दुपारी त्या आल्या नाहीत. रविवारी आमची सुट्टी. मी घरी बसलो होतो, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा गंगेपर्यंत जाऊन आलो. त्यांच्या घरी जायचा धीर झाला नाही.

सोमवारी बाराला दार वाजलं. कलाबाई होत्या आणि त्यांच्यामागे चोवीस-पंचवीस वर्षांची एक पोरगी, आईसारखीच सडपातळ, पदर कानावरून घट्ट ओढलेला.

“हिला सभासद करा,” कलाबाई म्हणाल्या.

मी अर्ज दिला. छायानं नाव लिहिलं. अक्षर चांगलं होतं. पत्त्याच्या रकान्याशी येऊन तिचं पेन थांबलं. तिनं वर बघितलं नाही. मी शाईच्या दौतीकडे बघत बसलो. पंखा फिरत होता.

“माझा घाल,” कलाबाई म्हणाल्या.

तिनं आईचा पत्ता लिहिला. नवा सभासद घ्यायला जुन्या सभासदाची शिफारस लागते, तिथे कलाबाईंनी सही केली. दांडी जरा वाकडी गेली. मी अर्जावर शिक्का मारला. डोळे भरून आले म्हणून तो उलटा पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उलट्या शिक्क्याबद्दल कुणाला काही बोललो नाही.

रविवारी काय झालं ते पुढे लंकाबाईंकडून कळलं. जावयाच्या चुलत्यानं कोंडाजीला विचारलं की तुम्ही घरातले कर्ते, तुमचं काय म्हणणं. कोंडाजी म्हणाला, तिच्या आईला विचारा, मला बोलायचा हक्क नाय. आणि उठून गुलाबांना पाणी द्यायला गेला. कलाबाईंनी पाहुण्यांना चहा दिला, जेवायला वाढलं आणि सांगितलं की लेक जाणार नाही. ते लोक पुढे तीनदा आले. लोक बोलायचे ते बोलले. उज्वलाही आठ दिवस फुगून होती, मग तिनंच ओट्याचा अर्धा भाग रिकामा करून छायाला हारांचं काम दिलं, आणि वर्षभरात दोघी मिळून लग्नाच्या गाड्या सजवायला लागल्या.

पान मात्र सापडलं नव्हतं. कलाबाई त्याबद्दल विचारेनाशा झाल्या. पुस्तकं वाचत राहिल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधलं एकही न गाळता. आवडलं नाही तरी अर्धवट सोडायच्या नाहीत. म्हणायच्या, पुरं मिळतंय तर पुरं खावं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. नारळ, शाल, भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, डबा भरला आणि मग आठवलं की आपल्याला कुठेही जायचं नाही. डबा समोर ठेवून बसलो. इतरांना रिकाम्या दुपारचं काय करायचं ते मी दाखवत होतो, माझी स्वतःची दुपार आली तेव्हा मात्र मला काही सुचेना. साडेबाराला दारात लुना थांबली. कोंडाजी होता. तो एरवी बोलायचा नाही, त्यामुळे निरोप पाठ करून आला होता. “बाया म्हणत्यात, मास्तर डबा घेऊन आले नाय तर आम्ही घरी येऊ.”

मी गेलो. खुर्ची जुनीच, फक्त टेबलाच्या अलीकडे, वाचकांच्या बाजूला. बिस्किटाच्या डब्यातला सात नंबरची चिठ्ठी असलेला चष्मा मी आता वापरतो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एक पत्र आलं. देवळाली कॅम्पातल्या एका लहान वाचनालयाचं. लिहिलं होतं की आपलं पोस्टकार्ड दोन वर्षं आमच्या फळ्यावर टाचलेलं होतं, त्यावर इतर सूचना चढत गेल्या. आमच्या एक वाचक प्रतिभाताई नुकत्याच नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांना वेळच वेळ आहे, त्या फळ्यावरचे जुने कागदही उचकटून वाचतात. त्यांनी आपलं कार्ड वाचलं. ही गोष्ट त्यांनी तरुणपणी वाचली होती. बांधीव अंक आमच्याकडे आहे, बाहेर देता येत नाही, येऊन पाहावा.

मी ते पत्र कलाबाईंना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, उद्या जाऊ.

बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी.  मी मनाशी ठरवलं होतं की त्यांच्याआधी वाचायचं नाही, आणि हे माझ्यासारख्याला किती अवघड आहे ते वाचनालयातल्या माणसालाच कळेल. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी जाड बांधीव खंड टेबलावर ठेवला. कलाबाईंनी पिशवीतून आपला कागद काढला आणि एकविसाव्या पानाशेजारी ठेवला. तेच पान. तेच चित्र, तीच यमुना, फक्त आमचा शिक्का नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि पान उलटलं.

बाविसावं त्यांनी पुन्हा पूर्ण वाचलं. पाठ होतं तरी. मग तेविसाव्यावर बोट ठेवलं. बोट ओळीखालून हळूहळू सरकत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. एवढा वेळ लागला की मी त्या महिन्यातल्या सगळ्या सुट्ट्या मोजल्या. शेवटी बोट थांबलं. त्यांनी खंड माझ्याकडे सरकवला.

गोष्ट तिथेच संपत होती. अर्धंच पान होतं, खाली वेलबुट्टी. यमुना मागे वळून बघते. आत चुलीवर दूध ठेवलेलं असतं, ते उतू जायला लागतं. ती पाय आत घेते, गाठोडं कोपऱ्यात ठेवते आणि दूध उतरवते. मग पदर खोचून भाकरीचं पीठ काढते. एवढंच.

 तीन वर्षं मी हे पान शोधत होतो, आणि ते त्या शनिवारी सापडलं असतं तर. मी कलाबाईंकडे बघितलं. त्या चष्मा काढून पदरानं पुसत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, हळहळ होती, शेजारणीबद्दल वाटते तशी.

“तिला आई नसंल,” त्या म्हणाल्या.

आपला कागद त्यांनी उचलला, बघितला आणि माझ्या हातात दिला. तुमच्या वाचनालयाचा हाये, जाग्यावर लावा, म्हणाल्या. मग पिशवी झटकून घडी केली आणि उठल्या.

“चला मास्तर, चारची बस गेली तर छायाला एकटीला दुकान आवरावं लागंल.”